दोनशे चौदा फोटोंतली बाई

१

फोटो साठवायचा डबा घ्यायचा तर दोन खणांचाच घ्या, म्हणून अंकितानं सहा महिने माझं डोकं खाल्लं. अंकिता माझी एकुलती एक पोरगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, आणि बापाला यातलं ओ की ठो कळत नाही यावर तिचा ठाम विश्वास. मागच्या चैत्रात माझी हार्डडिस्क टकटक करत मेली आणि तीन महिन्यांचं काम घेऊन गेली, तेव्हापासून तर रोज फोन.

काम काय, तर मी मेलेल्या माणसांचे फोटो करतो. तोंड वाकडं करू नका, कुणीतरी करायलाच पाहिजे. आमच्या विट्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. कोईमतूर, कानपूर, पार गुवाहाटीपर्यंत सोनं गाळायची दुकानं टाकून बसलीत. इकडं गावात आई जाते. पोरगा धावतपळत येतो आणि मग त्याच्या ध्यानात येतं, की आयुष्यात आईचा एक धड फोटो कुणी काढलेला नाही. असतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला, पाचव्या रांगेत, अर्धा चेहरा मामाच्या फेट्यामागं. तो मला मोबाईलवर येतो. 'नाना, बाराव्याच्या आत करून द्या.' मी तोंड कापून घेतो, साफ करतो, खाली अंग जोडतो, मागं निळा पडदा टाकतो. बाराव्याला हार घालायला आई तयार.

अंग जोडतो म्हणजे काय, ते सांगतो. पुरुषांची कोट-फेट्यातली तयार धडं पूर्वी कोल्हापूरला सीडीवर मिळायची. बायकांची मिळायची ती सगळी गुळगुळीत शहरी साड्यांतली. आमच्या म्हाताऱ्यांना ती काय शोभणार? म्हणून वीस वर्षांपूर्वी मी बायकोला, शालूला, हिरवं इरकली लुगडं नेसवून गच्चीवर खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले आणि फोटो काढला. मग तिचं डोकं उडवलं आणि अंग ठेवून घेतलं. एक मंगळसूत्रासकट, एक मंगळसूत्राशिवाय.

"मेलेल्या बायांची मुंडकी माझ्या धडावर बसवणार व्हय?" ती तेव्हा म्हणाली होती. "तुमाला जरा तरी कसंतरी वाटतंय का?"

"अगं, चार घरांत आई दिसंल तुझ्यामुळं."

हसली आणि बसली बिचारी. आज दोन-तीन तालुक्यांतल्या कितीतरी भिंतींवर माझ्याच बायकोचे हात मांडीवर टेकलेले आहेत. घरोघरी त्यांना उदबत्ती दाखवतात.

२

शेवटी सांगलीला गेलो. दुकानदार जयराज ओळखीतला, पण बोलायला लागला की थांबेल तर शपथ. त्यानं तीन डबे टेबलावर मांडले.

"नाना, एका खणाचा घेतलासा तर डिस्क गेली की खेळ खलास. दोन खणांच्यात एकातलं दुसऱ्यात जसंच्या तसं उतरतंय. एक मेली तर दुसरी हाय."

"आणि घरालाच आग लागली तर?"

"म्हणून तर वर क्लाऊड. रोज ठरल्या टायमाला आपोआप वर जातंय. तुमी हात बी लावायचा न्हाई. जुन्या प्रती बी राहत्यात. आज काय बिघडवलंसा तर कालची काढायची. आणि गंमत म्हंजे ह्यो चेहरे वळखतोय. एका माणसाचं सगळं फोटू एका जागी लावून ठेवतोय. तुमच्या धंद्याला तर देवच पावला म्हणा."

घेतला. काळा, साखरेच्या डब्याएवढा. मागच्या खोलीत माझं ऑफिस आहे, तिथल्या लोखंडी कपाटावर ठेवला. आतून बारीक क्रर्र क्रर्र आवाज यायचा, पुढं निळा दिवा लुकलुकायचा. वर पाठवायची वेळ मी दुपारी दोनची लावली. जेवून मी तेव्हा लवंडतो आणि इंटरनेट मोकळं असतं.

शालू फडकं घेऊन आली, डब्यावरची नसलेली धूळ पुसली.

"एक फोटू ह्या खणात, एक त्या खणात, एक वर. मग त्यातला खरा कंचा?"

"सगळेच खरे."

"असं कसं? काय तरीच तुमचं." तिला ते पटलं नाही. मला वाटलं, बायकांना काय सांगून उपयोग. मी तिला चहा टाकायला सांगितला.

३

पहिल्याच आठवड्यात हरणाबाईंचं काम आलं. आटपाडीकडच्या वाडीतली म्हातारी, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. पोरगा मल्हार फौजेत, लांब बर्फात कुठंतरी. रजा मिळेपर्यंत इकडं सगळं उरकलं होतं. त्यानं आधार कार्डावरचा फोटो पाठवून खाली लिहिलं, 'डोळे जरा नीट करा.' डाव्या भुवईवर चामखीळ होती. काढू का, विचारलं. राहू द्या म्हणाला. मी राहू दिली, आणि तोंड शालूच्या अंगावर बसवलं. डाव्या कानाखाली दोनदा मऊ ब्रश फिरवला की जोड दिसत नाही, ही माझी खासियत. त्यात मला कुणी हरवून दाखवावं. दुपारी दोनला हरणाबाई वर गेल्या.

तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर प्रश्न आला, 'ही व्यक्ती कोण?' खाली आकडा, दोनशे चौदा फोटो.

उघडून बघतो तर माझ्या सगळ्या म्हाताऱ्या. गोऱ्या, सावळ्या, दात पडलेल्या, गोंदलेल्या. बाळंतपणात गेलेली एक तरणी पोरसुद्धा. दोनशे चौदा बायका, आणि डबा म्हणतो एकच.

मला हसू आवरेना. "अगं ये, बघ तरी! ह्या शहाण्यानं तुझं अंग वळखलं!"

ती पदराला हात पुसत आली. बघितलं. हसली नाही. "माझं नाव घालू नगा हां त्यात."

"गंमत गं."

मी 'शालू' असं टाईप केलं. डब्यानं विचारलं, या व्यक्तीचे सर्व फोटो एकत्र करायचे? मी हो म्हणालो. आमच्या घरातले तिचे फोटोही त्यातच येऊन पडले. तिचं लग्न, अंकिताचं बारसं, महाबळेश्वर, सगळं म्हाताऱ्यांच्या मधूनमधून.

गंमत सांगायला म्हणून जयराजला फोन केला. त्यानं आकडा दोनदा विचारून घेतला.

"नाना, त्यो साडी बघत न्हाई. हात बघत न्हाई. त्यो फक्त चेहरा बघतोय. डोळं, नाक, हनवटी. बाकीचं त्याला दिसतच न्हाई."

"मग दोनशे चौदा बायका एक कशा?"

"नवीन हाय वो. चुकत असंल."

मीही तेच म्हणालो. चुकत असेल.

४

आठवड्याभरानं एका संध्याकाळी अंकिताला तिचा दहावीच्या सत्काराचा फोटो हवा होता, आईबरोबरचा. मी शोधून उघडला. शाळेचं स्टेज, अंकिताच्या हातात ढाल, आणि तिच्या शेजारी शालूच्या पिवळ्या साडीत एक बाई. मी तिला ओळखत नव्हतो.

चष्मा पुसला. फोटो मोठा केला. डाव्या कानाखाली दोन मऊ फटकारे होते.

त्या फोटोला मी आयुष्यात कधी हात लावलेला नाही. पण आपलं अक्षर आपल्याला कळतं ना, तसं ते काम माझंच होतं. बदलल्याची तारीख आजची, वेळ दोन वाजून दोन मिनिटं. तेव्हा मी पलीकडं घोरत होतो.

घाबरलो नाही. खरंच सांगतो, पहिल्यांदा राग आला. म्हटलं, फायलींची नावं सारखी झाली असतील, त्यानं एकातलं दुसऱ्यात घुसडलं असेल. यंत्राला काय अक्कल असते? जयराजनं सांगितलेल्या जुन्या प्रती काढल्या. कालची उघडली. पिवळ्या साडीत दुसरीच बाई. परवाची उघडली. तिसरी. हिला मी ओळखलं, भाळवणीच्या एका मास्तरांची आई, जाऊन दहा वर्षं झाली. आणखी मागं गेलो. प्रत्येक तारखेला नवी बाई, आणि प्रत्येकीचा हात माझ्या पोरीच्या खांद्यावर.

सगळ्यांत जुनी प्रत सातवी होती. अंकिता हसत होती. शेजारी पिवळी साडी, मंगळसूत्र, गळा. गळ्याच्या वर काहीच नव्हतं. तेवढ्यापुरता निळा पडदा होता. त्या शाळेच्या स्टेजवर निळा पडदा कधीच नव्हता.

मी खुर्ची पाडूनच स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी बसून भाकरी थापत होती. ते थापण्याचे आवाज मला फार मोठे वाटायला लागले.

"शालू."

ती वळली. शालूच होती. माझ्या जिवात जीव आला.

"काय वो, भूत बघितल्यागत?" ती म्हणाली. "बसा, जेवून घ्या. धाकटा यायचा हाय, त्येला बी गरम वाढते."

"कुठला धाकटा?"

तिचा हात पिठातच राहिला. आम्हाला एकच मुलगी, हे मी तिला सांगायची गरज नव्हती.

"मी काय म्हनले आत्ता?" तिनं विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले.

५

मी देव-धर्मातला माणूस नाही. मांत्रिक-बिंत्रिक असल्या गोष्टींना माझा पहिल्यापासून विरोध. म्हणून मी डॉक्टर केला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, मलाही तपासलं, दोघांनाही झोपेच्या गोळ्या दिल्या आणि या वयात होतं म्हणाले.

पण घरात आवाज बदलले. माझी बायको तीस वर्षं एका चालीनं चालते, मला ती न बघता कळते. आता भर दुपारी कुणीतरी पाय ओढत जायचं, कुणी जोडव्यांचा आवाज करत. एकदा तिनं मिश्री मागितली. जन्मात तिनं मिश्री लावलेली नाही. एकदा माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी डोक्यावर पदर घेऊन अवघडून थांबली, परक्या पुरुषापुढं थांबावं तशी. एका दुपारी अंगणात उभी राहून मोकळ्या रस्त्याकडं बघत जिभेनं टॅक टॅक आवाज करत होती. मेंढरं वळवतात तसा.

"काय करतीस?"

"म्या? कुठं काय?" आणि मग अगदी हळू, "आवं, माझं मला कळंना झालंय. काय तरी करा."

लग्नाचा कागदी अल्बम काढला. त्यात ती होती. बोट ठेवून बघितली, तीच होती. पण मग स्क्रीनवरची बघितली, परत अल्बम बघितला, आणि दोन्ही बायका मला सारख्याच ओळखीच्या वाटायला लागल्या. अल्बम मिटला. अंकिताला व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल शालूपुढं धरला.

"आई, मस्त दिसतीयेस की गं! बाबा, उगाच काळजी करता तुम्ही."

मला पोरीचा इतका राग आला की मी फोनच ठेवून दिला.

त्याच दुपारी मी डब्याची वायर उपसली. निळा दिवा गेला, क्रर्र थांबलं. खोलीत एवढी शांतता मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. दोन वाजून दोन मिनिटांनी मोबाईल वाजला. 'आजच्या प्रती पूर्ण झाल्या.'

जयराज म्हणाला, वर जुनं काहीतरी अडकलं असेल. चार दिवस डबा बंद होता आणि चारही दिवस वर काहीतरी अडकत राहिलं.

६

"माझं नाव काढा त्यातनं," शालू म्हणाली. सकाळची वेळ होती, तिचं डोकं त्या दिवशी स्वच्छ होतं. "मी तुमाला तवाच नगं म्हनले हुते."

म्हणाली होती.

डबा परत लावला. तिच्या नावाखाली दोन पर्याय होते. एक, 'व्यक्ती हटवा'. दोन, 'नाव काढा'. मी पहिल्यावर बाण नेला आणि तिथंच थांबवला. काय हटेल? नुसते फोटोच ना? नुसते फोटोच, मी मला बजावलं, तुला वेड लागलंय नानासो, यंत्र आहे ते. पण बटण दाबायचं धाडस झालं नाही. तुमच्या बायकोच्या नावापुढं तसं लिहिलेलं असतं, तर तुम्ही तरी दाबलं असतं का?

ती माझ्या मागं उभी होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तो हात मला ओळखू येत होता.

"नावच काढतो," मी म्हणालो. दाबलं.

'शालू' पुसलं गेलं. तिथं आलं, 'अनोळखी व्यक्ती'. खाली आकडा तोच.

"झालं?"

"झालं बघ."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खांद्यावरचा हात तिनं चटका बसल्यागत काढून घेतला. मी वळून बघितलं तर ती दोन पावलं मागं सरकून पदर सारखा करत होती.

पुढचे आठ दिवस शांततेत गेले. पाय ओढणं नाही, मिश्री नाही. एकच चाल घरात फिरायची, सावकाश, लांब टांगांची. मला वाटलं, सुटलो. ती मला आवं म्हणून हाक मारायची बंद झाली होती, ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. हाकच मारत नव्हती.

७

नवव्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. उंच, बारीक केस कापलेला माणूस, पायात फौजी बूट.

"नानासो तुमीच न्हवं? मी मल्हार. हरणाबाईचा." रजेवर आला होता. फोटो घरी पोहोचला होता, पण त्याला तो मोठा करून भिंतभर लावायचा होता. "लय झ्याक केलायसा. आय अशी खुडचीवर बसलेली मी कवा बघितलीच न्हवती. सारखी उभीच असायची."

मी त्याला मागच्या खोलीत बसवलं. बोलत होतो, मापं विचारत होतो, पण माझं लक्ष दाराकडं. पाणी सांगितलेलं नव्हतं, तरी ती पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. सावकाश, लांब टांगांनी.

मल्हार उठून उभा राहिला. त्याच्या तोंडचा रंग उडाला.

"आयं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "अहो, ही माझी..."

तिनं तांब्या जमिनीवर ठेवला. त्याच्या जवळ गेली, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून न्याहाळलं. "मल्हाऱ्या, किती वाळलास रं," ती म्हणाली. "मी किती दिस वाट बघायची?"

तो तिच्या पायांशी बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. खिडकीतून ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. मला बघायचं नव्हतं. तरी मी बघितलं. डाव्या कानाखाली, कातडीवरच, दोन मऊ फटकारे होते, आणि त्या दोन फटकाऱ्यांच्या वर तिचा रंग किंचित वेगळा होता. भुवईकडं मी नजर नेलीच नाही.

कपाटावर डबा क्रर्र क्रर्र करत होता.

थोड्या वेळानं ती उठली. मल्हारला म्हणाली, "चल बाबा, ऊन व्हायच्या आत पोचू. मेंढरं सोडायची हायती." तो लहान पोरासारखा उठला. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. दारापर्यंत गेल्यावर मात्र तीच थांबली. खोलीवर नजर फिरवली, माझी उष्टी कपबशी, पसरलेले कागद, खुर्चीवर टाकलेला सदरा. मग माझ्याकडं बघितलं. मायेनं बघितलं, एखाद्या वाटेवरच्या माणसाकडं बघावं तसं.

"पावणं," तिनं विचारलं, "घरात बाईमानूस न्हाई व्हय?"

मी डोळे मिटले. शालूचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. नाक, हनवटी, हसताना काय व्हायचं ते. हिरवं लुगडं आठवलं, मांडीवरचे हात आठवले. त्याच्या वर काहीच येईना. बाहेर मोटारसायकल सुरू झाली आणि ती अजून उत्तरासाठी दारात थांबली होती.

"न्हाई," मी म्हणालो.